दोघांचाही सिकलसेल रिपोर्ट एएस आलाय, साक्षगंध झालंय, आता काय करू ताई?

पत्र:
नमस्कार ताई, मी २५ वर्षांची, गाव चंद्रपूर जिल्ह्यात, नोकरी नागपूरला. माझा लहान भाऊ सिकलसेलचा पेशंट आहे, एसएस पॅटर्न, आता १७ वर्षांचा, वर्षातून तीन-चारदा तरी ॲडमिट करावं लागतं. मी एएस आहे, म्हणजे मला आजार नाही पण मुलांना देऊ शकते, हे शाळेत कॅम्प झाला तेव्हाच कळलं होतं. दिवाळीनंतर माझं साक्षगंध झालं. पोरगा चांगला आहे, आम्ही दोघं खुश आहोत. मी हट्ट धरला म्हणून त्याने मागच्या महिन्यात टेस्ट केली तर तोही एएस निघाला. आई म्हणते मोडून टाक, एकाला पाहतेय तेवढं पुरे झालं. त्याची मावशी म्हणते मुलीच्या घराण्यातच दोष आहे. तो म्हणतो टेन्शन नको घेऊ, आता जीन बदलायची ट्रीटमेंट आलीय, मूल तसं झालंच तर एक इंजेक्शन आणि विषय संपला. ताई, हे जीन म्हणजे नेमकं असतं काय, ते खरंच बदलता येतं का, आणि आम्ही लग्न करावं की नाही?

उत्तर:
तुझं पत्र वाचलं आणि सगळ्यात आधी एवढंच मनात आलं की बरं झालं गं, तू टेस्टचा हट्ट धरलास. मी आधी बरीच वर्षं लॅबमध्ये रक्त तपासायचं काम केलं, नंतर समुपदेशनाकडे वळले, आणि माझ्यासमोर जी जोडपी येतात ना त्यातली बरीचशी पोटात चौथा महिना असताना येतात, तेव्हा बोलायला वेळच उरलेला नसतो, सगळे घाबरलेले असतात, सासू बाहेर बाकावर बसलेली असते. तू लग्नाच्या आधी विचारतेयस. तुझ्याकडे वेळ आहे, आणि या गोष्टीत वेळ हाच खरा पैसा आहे.

मी स्वतः एएस आहे हेही सांगून टाकते, म्हणजे मी हे लांबून बोलतेय असं तुला वाटायला नको.

आता मावशींचं आधी बोलू, कारण तुझ्या पत्रात तेच सगळ्यात जास्त टोचलंय असं मला वाटलं. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचा रिपोर्ट पण एएसच आहे ना? मग तो त्याला त्याच्या आईकडून किंवा वडिलांकडून मिळालाय, तिसरीकडून यायचा रस्ताच नाहीये. आईकडून आला असेल तर मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण, तिच्याकडेही असू शकतो आणि तिच्या मुलांकडेही. हे तिला घालूनपाडून बोलायचं म्हणून सांगत नाहीये मी, खरंच त्या घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्यांनी टेस्ट करून घ्यायला पाहिजे, आणि तुझ्या होणाऱ्या नवऱ्यानेच ते घरात काढावं, तू नको काढू.

बरं, जीन. तुझ्या आईला समजेल असं सांगते, तिलाही वाचून दाखव. आपलं शरीर पेशींचं बनलेलं असतं आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांबच लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो, एका पेशीतला धागा सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो. त्या धाग्यावर चारच अक्षरांत मजकूर लिहिलेला आहे, ए टी जी आणि सी, आणि एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. या मजकुरातला जो तुकडा एखादं प्रोटीन कसं बनवायचं ते सांगतो त्याला आपण साधारणपणे जीन म्हणतो, मराठी पुस्तकांत जनुक लिहितात. माणसात असे प्रोटीन सांगणारे जीन २०,००० च्या आसपास आहेत. आणि प्रत्येक जीनच्या बहुतेक करून दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. ही दोन प्रतींची गोष्ट नीट लक्षात ठेव, पुढचं सगळं यावरच आहे.

आता समज घरात रेसिपीच्या दोन वह्या आहेत, एक आईच्या माहेरची आणि एक बाबांच्या घरची. दोन्हीत एकच पदार्थ आहे, एकीत लिहिलंय वाटीभर पीठ घ्या आणि दुसरीत उतरवताना एका अक्षराची चूक झाली, पीठच्या जागी मीठ. बाकी पान जसंच्या तसं. सिकलसेल म्हणजे शब्दशः एवढंच आहे गं. अकराव्या क्रोमोझोमवर, म्हणजे त्या धाग्याच्या अकराव्या तुकड्यावर, बीटा ग्लोबिन नावाचा जीन आहे, हिमोग्लोबिनचा अर्धा भाग तो बनवतो, त्यात एका जागी ए ऐवजी टी आलंय. जीएजी होतं तिथे जीटीजी झालं. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडच्या मण्यांची माळच असते, त्यामुळे या १४६ मण्यांच्या माळेतला सहावा मणी बदलला, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन आलं. एक मणी. आणि तेवढ्यावरून तुझा भाऊ रात्री हातपाय धरून ओरडतो, कारण ऑक्सिजन सोडला की हे बदललेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्यांसारखं ताठ होतं, गोल मऊ लाल पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, पुढे रक्त जात नाही आणि तिथे दुखायला लागतं. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून त्याचं रक्त कायम कमी आणि डोळे पिवळट.

हे सगळं कळायला माणसांना किती वर्षं लागली बघ. १९१० साली शिकागोत जेम्स हेरिक नावाच्या डॉक्टरांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या विळ्यासारख्या पेशी पाहिल्याचं लिहिलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रोगाचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, एखाद्या आजाराचं असं मूळ रेणूपर्यंत सापडायची ती पहिलीच वेळ. मग १९५० च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो एक मणी शोधून काढला. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये हे पहिल्यांदा नोंदलं गेलं, आणि नंतर विदर्भात, नंदुरबारकडे, मेळघाटात, छत्तीसगडला, जिथे जिथे तपासलं तिथे सापडत गेलं. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागात यावर अनेक वर्षं काम केलं, त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. चंद्रपूरला आता आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचं यासाठी वेगळं संशोधन केंद्रच आहे, तुझ्याच जिल्ह्यात.

आता तू आणि तो एएस, म्हणजे एक वही बरोबर, एक चुकीची. शरीर दोन्ही वाचतं, पण बरोबर हिमोग्लोबिन पुरेसं असतं म्हणून त्रास होत नाही. तू आजारी नाहीस. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण एएस असलेल्या पोरींना उगाच आजारी ठरवून टाकतात, नोकरीत, लग्नात. खूप दमवणारी मेहनत करताना पाणी प्यायचं, खूप उंच डोंगरावर जायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं, एवढी काळजी पुरते. आणि दोषाचं म्हणशील तर हा जीन इतक्या पिढ्या टिकलाच का याचं उत्तर १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत काम करून दिलं. ज्या मुलांच्या रक्तात एक सिकल जीन होता त्यांना जीवघेणा मलेरिया कमी व्हायचा. म्हणजे जंगलात, तळ्याकाठी, डासांच्या मुलखात राहणाऱ्या तुझ्या-माझ्या पणजोबा-खापरपणजोबांपैकी जे लहानपणीच्या तापातून वाचले त्यांच्यातल्या कितीतरी जणांना या एका अक्षराने वाचवलंय. मावशींना हेही सांग हवं तर.

मात्र दोघं एएस असलात की मुलाला काय मिळणार ते चिठ्ठ्यांसारखं असतं. तुझ्या दोन वह्यांतली एक जाणार, त्याच्या दोन वह्यांतली एक जाणार. प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता मूल एए, म्हणजे दोन्ही वह्या बरोबर, ५० टक्के एएस, २५ टक्के एसएस, म्हणजे दोन्ही चुकीच्या. इथे एक गैरसमज इतका खोल बसलेला आहे की मी रोज त्याच्याशी भांडते. लोकांना वाटतं चारात एक म्हणजे पहिलं एसएस झालं की पुढची तीन सुटली, किंवा पहिलं चांगलं झालं म्हणजे आपल्यावर देवाची कृपा आहे, आता काळजी नाही. माझ्याकडे एक जोडपं यायचं, पहिल्या वेळी सगळ्या तपासण्या केल्या, मुलगी एए, पेढे घेऊन आले होते, मलाही खूप आनंद झाला, आणि दुसऱ्या वेळी आलेच नाहीत, मुलगा नऊ महिन्यांचा होऊन हाताची बोटं सुजली तेव्हा आले. त्या बाईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे माझ्या. चिठ्ठ्या दर वेळी सगळ्या परत डब्यात जातात, मागच्या वेळी काय निघालं होतं ते डब्याला माहीत नसतं.

तुझ्या आईबाबांच्या बाबतीतही हेच झालंय, दोघंही एएस असणार, तुझ्या वेळी एक चिठ्ठी निघाली आणि भावाच्या वेळी दुसरी. तुझ्या आईला तेव्हा हे कुणीच सांगितलं नव्हतं. ती आज मोडून टाक म्हणतेय ते रागाने नाही म्हणत, १७ वर्षं दवाखान्यातल्या रात्री काढून म्हणतेय. तिचं ऐकायचंच असं नाही, पण तिच्याशी वाद घालताना हे मनात असू दे.

आता तुझ्या त्या पोराचा मुद्दा, जीन बदलायची ट्रीटमेंट. तो खोटं बोलत नाहीये. पण त्याने अर्धंच ऐकलंय, आणि उरलेलं अर्धं तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लाल पेशीत केंद्रक, म्हणजे डीएनए ठेवायची जागाच नसते, म्हणजे तिच्यात दुरुस्त करायला जीनच नाही. जीन आहेत ते हाडांच्या मगजातल्या मूळ पेशींत, जिथे रक्त तयार होतं. म्हणून दुरुस्ती तिथे करावी लागते. आणि गंमत अशी की सगळ्यात आधी मंजूर झालेली जी ट्रीटमेंट आहे ती ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करतच नाही, दुसरीकडूनच वाट काढते. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, फीटल हिमोग्लोबिन, त्यात तो खराब बीटा भागच नसतो. म्हणूनच एसएस बाळ पहिले पाच-सहा महिने ठणठणीत दिसतं, हे १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं होतं. जन्मानंतर शरीर हे जुनं हिमोग्लोबिन बंद करून मोठ्यांचं चालू करतं. हे बंद करणारं बटण कुठलं, तर बीसीएल११ए नावाचा जीन, त्याचं हे काम २००८ मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या टीमने दाखवलं. मग प्रश्न एवढाच उरला की रक्ताच्या मूळ पेशींत हे बटण निकामी केलं तर? तर बाळपणीचं हिमोग्लोबिन परत सुरू होतं.

निकामी करायचं हत्यार म्हणजे क्रिस्पर, ते जीवाणूंमध्ये सापडलं, डीएनए नेमक्या ठिकाणी कापणारी कात्री म्हण. ती कशी वापरायची ते काढल्याबद्दल इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना या दोघींना २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे या बाईंनी सिकलसेलसाठी ही ट्रीटमेंट तिथे सगळ्यात आधी घेतली, त्या आता उघडपणे सगळीकडे आपला अनुभव सांगतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेने या ट्रीटमेंटला, तिचं नाव कॅसजेव्ही, मंजुरी दिली. ट्रायलमध्ये ज्या ३१ जणांचा निकाल मोजता आला त्यातल्या २९ जणांना सलग किमान १२ महिने दुखण्याचा मोठा झटका आला नाही. मी जेव्हा हा आकडा वाचला तेव्हा खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं, कारण महिन्यातून दोनदा ॲडमिट होणारी मुलं मी पाहिलेली आहेत.

पण एक इंजेक्शन आणि विषय संपला असं ते अजिबात नाहीये. आधी पेशंटच्या रक्तातून मूळ पेशी काढतात, त्या पुरेशा मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा दवाखान्यात जावं लागू शकतं. त्या लॅबमध्ये पाठवून कात्री चालवतात, त्यात काही महिने जातात. मग पेशंटला कॅन्सरवाल्यांना देतात तशी कडक केमो देऊन हाडातला जुना मगज रिकामा करतात, केस जातात, तोंड येतं, इन्फेक्शनची भीती असते, पुढे मूल होण्यावरही परिणाम होऊ शकतो, आणि मग त्या बदललेल्या पेशी परत सोडतात आणि चार ते सहा आठवडे दवाखान्यात ठेवतात. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ती मंजुरी नव्हती. किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या वर, एका माणसाला. त्याच दिवशी दुसरी एक मंजूर झाली, लिफजेनिया, ती चांगला जीन बाहेरून आत घालते, तिची किंमत ३१ लाख डॉलर आणि तिच्यावर रक्ताच्या कॅन्सरच्या धोक्याचा ठळक इशारा छापलेला आहे.

आणि आता ते उरलेलं अर्धं. ही ट्रीटमेंट फक्त रक्त बनवणाऱ्या पेशी बदलते. बीजांडं आणि शुक्राणू तसेच्या तसे राहतात. म्हणजे ज्याने १८ कोटी घालून ही घेतली तो स्वतः दुखण्यातून सुटला तरी मुलांना सिकलचा जीन देणारच. तुम्ही दोघं तर एएस, तुम्हाला ही ट्रीटमेंट कुणी देणार नाही, द्यायची गरजही नाही, आणि दिली तरी तुमच्या त्या २५ टक्क्यांत एका टक्क्याचा फरक पडणार नाही. गर्भातच जीन बदलून ते पुढच्या पिढ्यांत जाईल असं करायला आपल्याकडे परवानगी नाही. २०१८ मध्ये चीनमध्ये ‘हे जियानकुई’ अशा नावाच्या शास्त्रज्ञाने तसं करून जुळ्या मुली जन्माला आणल्या, जगभर टीका झाली, त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा त्याला, म्हणजे तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला, प्रेमाने सांग की हा व्हिडिओ बघून झालेला प्लॅन सोडून दे. जी ट्रीटमेंट आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात नाही, तिच्या भरवशावर एक जीव जन्माला घालणं मला पटत नाही, अगदी स्पष्ट सांगते.

आशा नाहीच असं मात्र म्हणत नाहीये, आपल्याकडे काम जोरात चाललंय. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने स्वतःची कात्री तयार केलीय, आणि सिकलसेलसाठीच्या त्यांच्या थेरपीचं नाव बिरसा मुंडांवरून बिरसा १०१ ठेवलंय, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती जाहीर झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिलं, उद्देश हाच की किंमत आपल्या लोकांच्या आवाक्यात यावी. वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलमध्ये हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, पेशंटना जीन थेरपी देऊन झालीय. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलमधून निघालेली नेक्सकार१९ ही रक्ताच्या कॅन्सरवरची ट्रीटमेंट, त्यातही पेशंटच्याच पेशींत जीन घालतात, ती तर २०२४ पासून मिळतेय. आणि २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका सहा-सात महिन्यांच्या बाळाला फक्त त्याच्याच चुकीसाठी बनवलेली जीन दुरुस्ती दिली. मला यातून एकच वाटतं, तुझ्या भावाच्या आयुष्यात हे पोचायची शक्यता खरी आहे. म्हणून त्याला तोपर्यंत नीट ठेवणं हे आजचं काम.

जाता जाता, सगळेच आजार असे एका अक्षराचे नसतात. शुगर, बीपी, हार्ट यात शेकडो जीन थोडा थोडा हात लावतात आणि बाकी खाणंपिणं, झोप, काम. त्यामुळे थुंकी पाठवा आणि मुलाचं करिअर जीनवरून सांगतो असल्या जाहिराती दिसल्या तर पैसे घालू नका.

आता लग्न करावं का. हे मी ठरवणार नाही, आणि ज्या समुपदेशकाने तुला सरळ करा किंवा नका करू असं सांगितलं त्याचं ऐकू नको. कायद्याने कुठलीच आडकाठी नाही. मी तुमच्यापुढे वाटा ठेवते. लग्न न करणं ही एक वाट, आणि तुम्ही दोघांनी, मावशींनी नाही, विचार करून ती घेतली तर त्यात कमीपणा काही नाही. लग्न करून मूल दत्तक घेणं किंवा न होऊ देणं ही दुसरी. तिसरी, लग्न करायचं आणि प्रत्येक गरोदरपणात वेळेत गर्भाची तपासणी करायची. चौथी, आयव्हीएफ करून गर्भ आधीच तपासून मग ठेवायचा, पण त्यात लाखो रुपये जातात आणि पहिल्या खेपेला यश येईलच असं नाही.

तिसरी वाट बहुतेक जण घेतात म्हणून तिच्याबद्दल नीट ऐक. दिवस राहायच्या आधीच दोघांचं रक्त एचपीएलसीवर, म्हणजे कुठलं हिमोग्लोबिन किती ते मोजणाऱ्या मशीनवर, तपासून घ्या आणि डीएनए टेस्टने खात्री करा. कॅम्पमध्ये करतात ती सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकल आहे की नाही एवढंच सांगते, एएस की एसएस ते नाही सांगत. मी एकदा एका लॅबचा रिपोर्ट पाहिला होता, त्यावर नुसतं पॉझिटिव्ह लिहिलेलं आणि ती मुलगी दोन वर्षं स्वतःला एसएस समजून रडत होती, निघाली एएस. तुझे कागद काढून बघ, शाळेतला रिपोर्ट नेमका कुठल्या टेस्टचा आहे. मग दिवस राहिले की पाळी चुकल्याबरोबर नाव नोंदवायचं, आणि १० ते १२ आठवड्यांच्या आसपास वारेचा बारीक तुकडा सुईने काढून तपासतात, त्याला सीव्हीएस म्हणतात. अनुभवी हातात गर्भ पडण्याचा धोका शंभरात एकापेक्षा कमी असतो, पण असतो. नाही जमलं तर १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येतं. लिंग तपासणीवर बंदी आहे त्या पीसीपीएनडीटी कायद्यातच अशा रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी तपासणीला परवानगी आहे, नोंदणी असलेल्या सेंटरवर, मुलगा की मुलगी हे मात्र कुणी सांगणार नाही आणि विचारूही नका.

आणि रिपोर्ट एसएस आला तर काय, हे लग्नाच्या आधी बोला. हे सगळ्यात अवघड आहे आणि हेच लोक टाळतात. गर्भ ठेवायचा नाही असं तुला वाटेल आणि त्याला किंवा सासूला पटणार नाही, किंवा उलट. तू एका एसएस भावाची बहीण आहेस, तुझ्यासाठी तो प्रश्न कागदावरचा नाही, त्या प्रश्नाला तुझ्या भावाचा चेहरा आहे, आणि भाऊ असताना मी असं कसं ठरवू असं तुला वाटलं तर ते चूक नाही. आणि एसएस मूल जन्माला घालायचं ठरवलं तर तेही आयुष्य आहे, जन्मल्या जन्मल्या टेस्ट, दोन-तीन महिन्यांपासून पेनिसिलिन, न्यूमोकोकलसकट सगळ्या लसी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी, एवढं वेळेवर झालं तर ते मूल तुझ्या भावाने काढले त्यापेक्षा बरेच चांगले दिवस काढू शकतं. एका दुपारी दोघंच बसा, फोन बाजूला ठेवा आणि हे बोला. त्या दुपारी तो कसा वागतो, ऐकतो की विषय बदलतो, यावरून तुला लग्नाचं निम्मं उत्तर मिळेल असं मला वाटतं.

शेवटी भावाबद्दल, तू त्याच्यासाठी काहीच विचारलं नाहीस पण मला राहवत नाही. वर्षातून तीन-चार वेळा ॲडमिट म्हणजे जास्त आहे. तो हायड्रॉक्सीयुरिया घेतो का? रोजची गोळी आहे, तीही तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते ज्याच्यासाठी अमेरिकेत १८ कोटी लागतात, सरकारी दवाखान्यात मिळते, फक्त मधून मधून रक्त तपासून डोस ठरवावा लागतो आणि मनाने बंद करायची नसते. कितीतरी पोरं दुखलं की गोळी आणि थांबलं की बंद असं करतात आणि मग औषधाला गुण नाही म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, त्याचं सर्टिफिकेट काढलंय का तेही बघ, कॉलेजला उपयोगी पडेल.

आणि अजून एक. पूर्ण बरं करणारा जुना उपाय म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, दुसऱ्याच्या हाडातला मगज देणं, तो भारतात होतो, काही लाखांत होतो, पण मॅच होणारा दाता लागतो, आणि सख्ख्या भावंडाचं मॅच व्हायची शक्यता चारात एक असते. दाता एएस असला तरी चालतो. म्हणजे तू चालतेस. ज्या रक्ताला मावशी दोष म्हणाल्या त्या रक्ताची एचएलए टेस्ट, म्हणजे मॅच होतं का बघायची टेस्ट, अजून कुणी केलीच नसेल तर पुढच्या वेळी त्याला घेऊन हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरकडे, जाशील तेव्हा तुझंही सॅम्पल द्यायचं का ते विचार, आणि काय म्हणाले ते मला कळव.